जुने इंजिन, नवे ऑइल आणि जस्ताची बाटली

(जिल्हा बैठकीसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय निघतो, पीकविम्याचा निघतो, रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेचा निघतो. आज मी इंजिनाच्या ऑइलबद्दल बोलणार आहे म्हटल्यावर काही जणांना नवल वाटेल. पण घामाचे दाम मागणे हे जसे संघटनेचे काम, तसे घरातून विनाकारण बाहेर जाणारा रुपया ओळखणे हेही संघटनेचेच काम. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात येणारा रुपया एका दाराने येतो आणि जाणारा दहा दारांनी जातो. त्यातले एक दार आज बघायचे आहे.

हल्ली तालुक्याच्या गावी ऑइल आणायला गेले की दुकानदार विचारतो, "ट्रॅक्टर जुना आहे का?" हो म्हटले की सांगतो, "मग ही बाटलीपण घ्या. नव्या ऑइलमधले जस्त काढून टाकले आहे. जस्त नसले की जुन्या इंजिनाचा कॅमशाफ्ट खाल्ला जातो." इंजिन उतरवायचा खर्च डोळ्यापुढे उभा राहतो आणि आपण मुकाट्याने बाटली घेतो.

दुकानदार खोटे बोलतो का? नाही. तो अर्धे खरे बोलतो. आणि अर्धे खरे हे पुष्कळदा सबंध खोट्यापेक्षा महागात पडते. म्हणून आज सबंध खरे काय ते पाहू.

कॅमशाफ्ट करतो काय?

ज्यांनी मिस्त्रीजवळ बसून इंजिन खोललेले पाहिले आहे त्यांना हे ठाऊक असेल. इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. तो कॅमशाफ्ट. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर वाल उघडतो. एक वाल हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. जुन्या ट्रॅक्टरात आणि विहिरीवरच्या इंजिनात टॅपेटचे तोंड सपाट असते आणि उंचवटा त्यावरून घासत जातो. बऱ्याच नव्या मोटारगाड्यांत तिथे छोटा रोलर बसवलेला असतो, त्यामुळे घासण्याऐवजी तो फिरतो. जुन्या आणि नव्या इंजिनातला आपल्या कामाचा फरक हाच.

आता हिशेब करा. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. विहिरीवरचे 5 अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर कॅमशाफ्टचे होतात 750. तासाला 45 हजार. पाळीपाळीने आठ तास पाणी दिले तर 3 लाख 60 हजार वेळा तो उंचवटा त्याच टॅपेटवर घासतो. तेही एका दिवसात! सबंध इंजिनात एवढ्या दाबाने घासणाऱ्या जागा फार थोड्या असतात.

क्रँकच्या बेअरिंगचे तसे नसते. तिथे फिरणारा दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, लोखंड लोखंडाला लागत नाही. कॅमच्या टोकाशी मात्र सगळा भार एका बारीक रेघेवर येतो. तेवढ्या दाबाखाली तेल पिळून बाजूला जाते. मग उघडे लोखंड लोखंडावर येते. तिथे राखण करायला तेलात एक औषध घातलेले असते. त्याचे नाव लांबलचक आहे, झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट. कारागीर त्याला झेडडीडीपी म्हणतात, बाजार त्याला नुसते जस्त म्हणतो.

हे औषध 1940 च्या दशकात इंजिन ऑइलमध्ये आले. सुरुवातीला ते घालत ते तेल लवकर सडू नये आणि बेअरिंगचा धातू गंजू नये म्हणून. कॅम आणि टॅपेट त्याने वाचतात हे पुढे लक्षात आले. घर्षणाने आणि उष्णतेने ते फुटते आणि लोखंडावर काचेसारखा एक थर धरते. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी त्याची जाडी. लोखंडाच्या ऐवजी हा थर झिजतो आणि तेलातल्या औषधातून पुन्हा भरून निघतो. यात मोठी कामगिरी फॉस्फरसची आणि गंधकाची असते, जस्त त्यांच्या सोबतीला असते. म्हणून ऑइलची ताकद मोजताना जाणकार फॉस्फरसचा टक्का बघतात.

यातून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. हे औषध खर्च होते. वेळेवर न बदललेल्या ऑइलमध्ये ते उरलेले नसते, मग डब्यावर कितीही मोठे नाव असो.

जस्त कमी का केले?

आता दुकानदाराच्या बोलण्यातला खरा भाग. पेट्रोलच्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारे यंत्र बसवायला लागले. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आपल्या देशात 1995 च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. इंजिन थोडे थोडे ऑइल जाळत असते. त्या ऑइलमधला फॉस्फरस धुराबरोबर जाऊन कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करतो. म्हणून अमेरिकेत पेट्रोल इंजिनांच्या ऑइलमधला फॉस्फरस टप्प्याटप्प्याने उतरवला. 2004 साली 'एसएम' नावाचा वर्ग आला, त्यात 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30 अशा पातळ ऑइलसाठी कमाल मर्यादा 0.08 टक्के ठेवली. नंतर आलेल्या 'एसएन' आणि 'एसपी' या वर्गांतही तीच आहे.

अमेरिकेत जुन्या मोटारी हौसेने सांभाळणारे लोक पुष्कळ. त्यांची इंजिने सपाट टॅपेटची, वेगवान, आणि वालच्या स्प्रिंगा फार ताठ. नवा कॅमशाफ्ट बसवला की थोड्याच दिवसांत तो झिजून सपाट झाला अशा तक्रारी तिकडे वाढल्या. त्यातून जस्ताच्या बाटलीचा धंदा उभा राहिला. बाटली पुढे जगभर विकायला निघाली. मात्र रोग कोणाचा आणि औषध कोणाला, हे विचारायचे राहून गेले.

आपल्या इंजिनाला हा रोग आहे का?

आपल्या जिल्ह्यात जुने म्हणून जे चालते ते आठवा. महिंद्राचा बी-275, एचएमटी, मॅसी फर्ग्युसन, स्वराज, आयशर. विहिरीवर किर्लोस्कर, साताऱ्याचे कूपर, राजकोटकडे बनलेली लिस्टर पद्धतीची इंजिने. ही सगळी डिझेलची. यांच्या कॅमला सपाट टॅपेट असते हे खरे. पण यांचा वेग कमी आणि स्प्रिंगा मऊ. लिस्टर पद्धतीचे इंजिन तर मिनिटाला 650 फेऱ्यांवर धपधप करत आयुष्य काढते. रेसच्या मोटारीच्या कॅमवर जो भार येतो तो इथे येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डिझेल इंजिनाचे ऑइल वेगळे असते. डब्याच्या मागे बारीक अक्षरात 'एपीआय' असे लिहिलेले असते आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरे. पहिले अक्षर 'एस' असेल तर ते पेट्रोलसाठी. 'सी' असेल तर डिझेलसाठी. सीएफ-4 हा वर्ग 1990 चा, सीएच-4 1998 चा, सीआय-4 2002 चा, सीके-4 2016 अखेरचा. सीआय-4 पर्यंत फॉस्फरसवर मर्यादा नव्हती. 2006 साली सीजे-4 आला तेव्हा ती घातली, आणि सीके-4 मध्येही तीच आहे : 0.12 टक्के. पेट्रोलच्या पातळ ऑइलला 0.08 आणि डिझेलच्या अगदी नव्या वर्गालाही 0.12. म्हणजे दीडपट. चांगल्या कंपनीचे, योग्य वर्गाचे डिझेल इंजिन ऑइल तुम्ही भरत असाल तर कॅमशाफ्टला लागणारे जस्त तुम्ही डब्याबरोबरच विकत घेतलेले आहे. बाटलीत तेच दुसऱ्यांदा विकत घेता.

मग जस्ताची खरी चिंता कोणी करायची? घरात जुनी पेट्रोल जीप असेल, अॅम्बॅसिडर असेल, जुनी बुलेट असेल, त्याने. ही सपाट टॅपेटची पेट्रोल इंजिने. यांच्यात नव्या मोटारीचे 5डब्ल्यू-30 ऑइल भरू नये. पण त्यालाही बाटलीच लागते असे नाही. वर सांगितलेली 0.08 ची मर्यादा पातळ ऑइलला आहे, 20डब्ल्यू-50 सारख्या जाड ऑइलला नाही. पुस्तिकेत जो जाडपणा सांगितला आहे ते जाड ऑइल घ्या. बुलेटला मोटारसायकलचे घ्या. आणि राजदूत, जुनी चेतक, लुना या दोन स्ट्रोकच्या गाड्यांना तर कॅमशाफ्टच नसतो. त्यांच्यासाठी कोणी ही बाटली खपवत असेल तर त्याला एवढेच विचारा, "कॅमशाफ्ट कुठे आहे ते दाखव."

फसगत होते ती इथे. घरात ट्रॅक्टर आणि मोटार दोन्ही असतात. मोटारीचा उरलेला डबा ट्रॅक्टरमध्ये ओतला जातो, कारण 'ऑइल ते ऑइल'. मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये जस्त कमी, धुतण्याची ताकद कमी, आणि डिझेलची काजळी सांभाळायची त्याला सवय नाही. अशा वेळी कॅमशाफ्ट झिजला तर दोष जुन्या इंजिनाचाही नाही आणि बाटली न टाकल्याचाही नाही. दोष चुकीच्या डब्याचा. उलटेही करू नका. ज्या नव्या गाडीच्या सायलेन्सरला काजळी गाळणारी जाळी आहे, तिच्यात जुन्या वर्गाचे ऑइल टाकले तर त्याच्या राखेने जाळी तुंबते. 2020 च्या एप्रिलपासूनच्या भारत स्टेज 6 च्या डिझेल मोटारींना ही जाळी आहे, आणि 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून कडक नियम लागू झाले आहेत. नव्याला नव्याचे आणि जुन्याला जुन्याचे.

थोडे चांगले, मग जास्त अधिक चांगले?

कोणी म्हणेल, असू द्या, बाटली टाकून तोटा तर नाही ना? तोटा आहे. याचे उत्तर आपल्या रानातच सापडते.

जस्त म्हटले की आपल्याला झिंक सल्फेट आठवते. मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता पुष्कळ ठिकाणी असते. तिथे झिंक सल्फेट टाकले की ज्वारीचा, कापसाचा रंग बदलतो. पण जिथे कमतरता नाही तिथे टाकले तर पैसे मातीत. आणि स्फुरद बेसुमार टाकले तर असलेले जस्तही पिकाला मिळत नाही. एकाचे वाढले की दुसऱ्याचे बिघडते. म्हणून शहाणा शेतकरी आधी माती तपासतो आणि मग खत टाकतो.

ऑइलचेही तसेच. ऑइल म्हणजे नुसते तेल नव्हे. त्यात काजळी धुणारे औषध असते, आम्ल मारणारे असते, फेस दाबणारे असते आणि जस्ताचे असते. ही सगळी औषधे लोखंडाच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवायला धडपडतात. कंपनीने त्यांचे प्रमाण जुळवून, इंजिनावर चाचणी घेऊन डबा भरलेला असतो. वरून एकच औषध ओतले की तो तोल ढळतो. फॉस्फरस 0.2 टक्क्यांच्या पुढे गेला की झीज थांबण्याऐवजी औषध लोखंडालाच खाऊ लागते, कॅमवर बारीक खड्डे पडतात, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. ज्या ऑइलमध्ये आधीच 0.12 आहे त्यात तुम्ही किती ओतले आणि आता किती झाले, हे तुम्हाला सांगणारे कोणी नाही. कारण बऱ्याच बाटल्यांवर टक्का छापलेलाच नसतो.

आणखी एक. इंजिनाची बाटली गिअरबॉक्समध्ये किंवा हायड्रॉलिकच्या ऑइलमध्ये कधीही ओतू नका. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, तिथे बाटलीतल्या अनोळखी मिश्रणाने ब्रेकची पकड बिघडू शकते. उतारावर उसाची नाहीतर कडब्याची ट्रॉली मागे असताना ती परीक्षा कोणी घेऊ नये.

बाटली लागते तरी कधी?

खरे ते खरे म्हणायचे. एका वेळी जादा जस्ताचा उपयोग होतो. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल, किंवा जुना घासून पुन्हा आकारात आणला असेल तेव्हा. नव्या लोखंडावर अजून तो काचेसारखा थर बसलेला नसतो. पहिल्या अर्ध्या तासात जे व्हायचे ते होऊन जाते. तेव्हा मिस्त्रीकडून या गोष्टी करून घ्या :

एक. कॅमच्या उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तोंडाला बसवण्याआधी जाड पेस्ट लावायची. कोरडे बसवायचे नाही.

दोन. नव्या कॅमवर जुनी टॅपेट घालायची नाहीत. टॅपेटचे तोंड दिसायला सपाट, पण किंचित फुगीर असते आणि कॅमला किंचित उतार असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरते आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. जुने टॅपेट जुन्या कॅमच्या वळणाने झिजलेले असते. ते नव्यावर फिरत नाही, एकाच जागी घासते आणि नव्या कॅमचा घास घेते. टॅपेटचे पैसे वाचवायला जाऊन कॅमशाफ्टचे पैसे घालवल्याची उदाहरणे कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

तीन. इंजिन सुरू झाले की धीम्या गतीवर गुरगुरत ठेवायचे नाही. पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने थोड्या चढत्या गतीवर वीसेक मिनिटे चालवायचे, म्हणजे कॅमवर तेल उडत राहते. तेलाच्या दाबाचा काटा आणि पाणी यांवर लक्ष ठेवायचे.

या पहिल्या भरणीत, फॉस्फरसचा टक्का छापलेले, नव्या कॅमसाठीच केलेले ऑइल किंवा औषध सांगितलेल्या मापात वापरले तर ते पैसे कामी लागतात. त्यानंतर नेहमीचे ऑइल.

कॅमशाफ्ट खरोखर मरतो कशाने?

आपल्याकडे इंजिनाचा पहिला शत्रू धूळ. काळ्या रानात उन्हाळी नांगरट करताना किंवा माळदांडी ज्वारीची मळणी चालू असताना ट्रॅक्टर धुळीच्या आणि भुसकटाच्या ढगात उभा असतो. एअर क्लीनरच्या वाटीतले तेल चिखल होते आणि आपण हंगाम संपायची वाट बघतो. आत गेलेली माती म्हणजे वाळूचा कागदच. ती लायनर-पिस्टन खाते आणि ऑइलबरोबर फिरून कॅमही खाते. त्या मातीला जस्त अडवू शकत नाही. मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून बघा. धुवायला लागतात दहा मिनिटे आणि मूठभर डिझेल.

दुसरा शत्रू उशीर. ट्रॅक्टरच्या ऑइलचा हिशेब किलोमीटरने नसतो, तासाने असतो. जुन्या ट्रॅक्टरचे तासाचे मीटर बहुधा बंद पडलेले असते. मग दिवाळीला एकदा ऑइल बदलायचे अशी रीत पडते. घरातल्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहायला कोणाचे काय जाते? दुधाचा रतीब आपण लिहितोच. पुस्तिकेत सांगितलेले तास भरले की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. धुळीचे काम असेल तर तास भरायच्या आधी. लिस्टर पद्धतीच्या पुष्कळ इंजिनांना ऑइलचा फिल्टरच नसतो, आतला चमचा तेल उडवतो तेवढेच. तिथे उशीर तर मुळीच चालत नाही.

तिसरा शत्रू सुटे ऑइल. पिंपातून काढून दिलेले, 'पंपसेट ऑइल' म्हणून स्वस्तात मिळणारे, ज्यावर एपीआयचा वर्ग नाही की कंपनीचा पत्ता नाही. ते गाळून परत आलेले जळके ऑइलही असू शकते. त्यात जस्त आहे की नाही हा प्रश्नच विचारू नका, त्यात तेल किती हा प्रश्न आहे. जुन्या इंजिनांच्या पुस्तिकेत एसएई 30 किंवा 40 लिहिलेले असते. तो नुसता जाडपणा झाला. जाडपणा बरोबर असून वर्ग नसेल तर ते ऑइल घेऊ नका.

चौथा शत्रू डिझेल-रॉकेल. नोझल गळत असेल किंवा फीड पंपाचे सील गेले असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. गेज काठीवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. वास घ्या, बोटात धरून बघा. पातळ झालेले ऑइल कॅमवर टिकत नाही. आधी गळती काढा, मग ऑइल बदला.

कॅम झिजला का, हे बाटली घ्यायच्या आधी तपासता येते. वाल सेट केल्यावर एकाच वालची फट पुन्हा पुन्हा वाढते, टकटक परत येते, इंजिन ओढ घेत नाही, काळा धूर टाकते, ही लक्षणे. मिस्त्रीला झाकण काढून डायल गेज लावायला सांगा आणि प्रत्येक पुशरॉड किती उचलतो ते मोजायला लावा. सगळ्या सिलिंडरचे इनटेक एकमेकांशी आणि एक्झॉस्ट एकमेकांशी ताडून बघा. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचे माप पुस्तिकेशी ताडा. एखादा कमी उचलत असेल तर तो कॅम गेला. गेलेला कॅम जगातल्या कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. आणि सगळे सारखे उचलत असतील तर तुमचा कॅम सुखरूप आहे. तुमच्या ऑइलमधले औषध आपले काम करते आहे.

आता संघटनेचा मुद्दा

समजा एक बाटली 400 रुपयांची. वर्षात दोन वेळा ऑइल बदलले, दोन बाटल्या. गावात 50 जुने ट्रॅक्टर असतील तर वर्षाला 40 हजार रुपये गावातून गेले. हा पैसा कुठल्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात दिसणार? भाव ठरवताना ट्रॅक्टरच्या तासाचा सरासरी दर धरतात. भीतीने घेतलेली बाटली कोण धरणार? ती भरायची आपल्या कनवटीतून.

1972 साली या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ग्रेडर आठवत असेल. बैलगाडी घेऊन आपण रांगेत रात्र काढायची, आणि तो चिमटीत कापूस धरून प्रत ठरवायचा. आपल्या मालाची प्रत दुसऱ्याने ठरवायची याची आपल्याला इतकी सवय लागली, की दुसऱ्याच्या मालाची प्रत विचारायची असते हे आपण विसरलो. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे छापलेले असतात, कारण 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने ते बंधनकारक आहे. झिंक सल्फेटच्या पिशवीवर 21 टक्के असे लिहिलेले असते. मग 'जस्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर जस्त किती, फॉस्फरस किती, आणि किती लिटर ऑइलला किती मिलिलिटर, हे का नसावे? वेष्टनावरची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की कायद्याला पुरते. मराठी वाचणाऱ्या शेतकऱ्याने ती कोणाकडून वाचून घ्यायची? ग्राहकाला मालाची प्रत, प्रमाण आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला आहे. न मागता तो हक्क घरी चालत येणार नाही.

तेव्हा तालुक्याच्या बैठकांत मांडण्यासाठी तीन मागण्या ठेवतो.

पहिली, ऑइलमध्ये घालायच्या प्रत्येक बाटलीवर जस्त आणि फॉस्फरसचा टक्का आणि वापरायचे माप मराठीत छापावे.

दुसरी, तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये शेतकऱ्याच्या ऑइलचा नमुना घेऊन तो तपासून आणण्याची सोय व्हावी. वापरलेल्या ऑइलमध्ये लोखंड किती उतरले, माती किती आली, जस्त किती उरले, हे प्रयोगशाळेत आकड्यात कळते. मातीची तपासणी होते, तशी ऑइलची व्हावी.

तिसरी, ट्रॅक्टर आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या बंद झालेल्या जुन्या मॉडेलांनाही आज मिळणारे कोणते ऑइल चालते, याची मराठी यादी विक्रेत्याकडे लावावी. इंजिन विकून झाले म्हणून जबाबदारी संपत नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. या हंगामापासून आपल्या हातात जे आहे ते करा. पुस्तिका शोधून काढा. हरवली असेल तर त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर असलेल्या शेजाऱ्याच्या पुस्तिकेतले ऑइलचे पान झेरॉक्स करून घ्या. डब्यावरचा वर्ग वाचायला घरातल्या शाळकरी पोरीला सांगा, ती मिनिटात वाचून दाखवील. पक्के बिल घ्या, रिकामा डबा ठेचून मगच भंगारात द्या, म्हणजे तो परत भरून तुमच्याच गावात येणार नाही. आणि दुकानदाराने बाटली पुढे केली की भांडू नका. सरळ विचारा, "यात फॉस्फरस किती टक्के? माझ्या ऑइलमध्ये आधीच किती? दोन्ही मिळून किती होईल?" उत्तर आले तर ऐकून घ्या. उत्तर नाही आले तर ते पैसे खिशात ठेवा आणि नवा फिल्टर मागा.

जुने इंजिन हे आपल्या गरिबीचे लक्षण आहे असे कोणी समजू नये. तीस-चाळीस वर्षे चाललेले यंत्र चालते ठेवणे ही अक्कल आहे, आणि ती या जिल्ह्यातल्या मिस्त्र्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हातात आहे. त्या अकलेच्या जोडीला डब्यावरची चार अक्षरे वाचायची सवय लावून घेऊ.

इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.